व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

समितीने आम्हाला विषय दिला आहे, कलावंत आणि साहित्यिकांच्या व्याख्यानांतून मिळणारी प्रेरणा. विषय मोठा आहे आणि आम्ही काही मोठे साहित्यिक नाही. पण श्रोता म्हणून आमची नोकरी फार जुनी आहे. जयंती असो, वर्षावास असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, सतरंजीवर बसून व्याख्याने ऐकण्यात आमचे केस पांढरे झाले. म्हणून आज बोलणाऱ्याची नाही, तर ऐकणाऱ्याची बाजू मांडावी म्हणतो.

आपल्याकडे काय होते बघा. पाहुणे येतात, तळमळीने बोलतात. टाळ्या पडतात, आभार मानले जातात, चहा होतो. सतरंज्या गुंडाळताना आपण एकमेकांना म्हणतो, "काय बोलले हो! अगदी अंगावर काटा आला." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाजाराला जायचे असते. काटा आला तसा गेला. त्या काट्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारत नाही. आज आम्हाला तेवढेच विचारायचे आहे.

एक उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. सासवडच्या रस्त्याने पुढे गेले की जेजुरी लागते. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात 1929 साली जन्मलेल्या बेबीताई कांबळे आपणा सर्वांना माहीत आहेत. जेजुरीला बाबासाहेबांची सभा झाली, तिचे वर्णन त्यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकात आहे. मुलांना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि ते ऐकून आपल्या आयाबाया कशा पेटून उठल्या, ते त्या सांगतात. त्या बायकांपैकी कोणाला अक्षर ओळखता येत होते? पण त्यांनी ऐकलेले पदरात बांधून घरी नेले आणि पोरांना शाळेत घातले.

बेबीताई स्वतः पुढे फलटणला संसार करू लागल्या. घरचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे. ते कागद त्या आधी वाचायच्या, मग त्यात माल बांधायच्या. वर्षानुवर्षे त्यांनी लिहिले, तेही घरच्यांच्या नजरेआड. लिहिलेले कागद लपवून ठेवावे लागत. फलटणला स्थायिक झालेल्या मूळच्या अमेरिकन विदुषी मॅक्सिन बर्नसन यांच्या पाहण्यात ते लेखन आले, त्यांनी धीर दिला आणि 1986 साली पुस्तक निघाले. 2008 साली माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि पुरंदरातल्या महारवाड्याचे जिणे जगाने वाचले. लहानपणी कानावर पडलेले शब्द आणि छापील पुस्तक यांच्यामध्ये अर्धे आयुष्य गेले. मधल्या काळात त्या माउलीने ते शब्द विझू दिले नाहीत. प्रेरणा म्हणतात ती हीच, असे आम्हाला वाटते.

दुसरे उदाहरण वामनदादा कर्डकांचे. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म 1922 चा. लहानपणी शाळा नाही. मुंबईला आले, कष्टाची कामे केली आणि मोठेपणी अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकलेला हा माणूस. बाबासाहेबांच्या सभा त्यांनी ऐकल्या. 1943 साली त्यांनी पहिले गीत जुळवले. ते काय होते? एका सिनेमाच्या गाण्याचे विडंबन! म्हणजे सुरुवात नकलेचीच होती. पण ते नकलेवर थांबले नाहीत. बाबासाहेब सभेत जे सांगत, ते जात्यावर दळणाऱ्या बाईला कळेल अशा बोलीत आणि चालीत त्यांनी बसवले. 2004 साली ते गेले, तोवर गावोगाव फिरून गातच राहिले. शेकडो लोकांनी तीच भाषणे ऐकली असतील. वामनदादांनी घरी जाऊन त्यांचे गाणे केले, हा फरक आहे.

आता कोणी म्हणेल, प्रेरणा घ्यायची तर कोणाकडून घ्यायची? पुण्याला व्याख्यानांची काय कमी? 1875 पासून इथे वसंत व्याख्यानमाला आहे. पण याच पुण्यात 1885 साली मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी महात्मा जोतीराव फुल्यांना बोलावणे पाठवले. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे ऐकतानाही माणसाने आपले डोके शाबूत ठेवायचे असते.

त्यानंतर 73 वर्षांनी, 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाला कोण होते? वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. शाळेत दीड दिवस गेलेला, मुंबईत हमाली केलेला, गिरणीत राबलेला माणूस साहित्याच्या व्यासपीठावरून बोलला. हे जग कष्टकऱ्याच्या बळावर उभे आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांची 'फकिरा' कादंबरी आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. नाशिकचे बाबूराव बागूल, कनेरसरचे नामदेव ढसाळ, 'बलुतं' लिहिणारे दया पवार, ही पुढची मंडळी याच वाटेने आली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लेखक-वाचक मेळावे भरवले. त्या मेळाव्यांच्या नावातच बघा, लेखकाच्या बरोबरीने वाचक आहे. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असा तो मामला नव्हता.

आता थोडे आमचे सांगतो. सांगायला लाज वाटते, पण आपल्या घरच्या माणसांपुढे लाज कशाची?

तरुणपणी आम्ही शहरातल्या एका सभागृहात एका नामवंत लेखकाचे व्याख्यान ऐकायला सायकलवर गेलो होतो. शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकले. परत येताना रस्ता कसा संपला कळले नाही. त्याच रात्री कंदील मोठा करून लिहायला बसलो. चांगली दहा-बारा पाने लिहिली. त्यात क्षितिज होते, वादळ होते, लाव्हा होता, ज्वालामुखी होता. जे जे शब्द ऐकून आलो होतो, ते सगळे ओतले. आई शेजारी बसली होती. म्हणाली, "वाच की मला." आम्ही वाचले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "चांगलं हाय रं बाबा. पर ह्यात आपलं काय हाय?"

आम्हाला राग आला. अडाणी बाईला काय कळते, असे मनात आले. आज त्याच वाक्याने झोप उडते.

आमची आई भुसार बाजारात मिरचीचे देठ काढायला जायची. नाना-भवानी पेठेतला बाजार गुलटेकडीला आला, तशी तीही इकडे आली. संध्याकाळी तिचे हात इतके आग करायचे की पीठ मळता यायचे नाही. ती बहिणीला मळायला सांगायची आणि स्वतः हात पाण्यात बुडवून बसायची. तसे बसल्या बसल्या ती गोष्टी सांगायची. दुष्काळात गाव कसे सोडले, पहिल्या दिवशी गाळ्यावर काम कसे मिळाले, धम्मदीक्षेनंतर घरातले देव वडिलांनी कसे नदीत सोडले आणि त्या रात्री आजी कशी जेवली नाही. वडील शंभर किलोचे पोते पाठीवर घेत. त्यांच्या पाठीचा घट्टा आम्ही लहानपणी बोटाने दाबून बघायचो. हे सगळे आमच्या घरात होते आणि आम्ही ज्वालामुखी शोधत होतो!

पुढे कधीतरी वाटले, आईचे सांगणे उतरवून घ्यावे. एक वही आणली. अर्धे पान लिहिले. नंतर लिहू, सुट्टीत लिहू, करता करता आई गेली. आज आमच्याकडे ते अर्धे पान आहे. आजी त्या रात्री का जेवली नाही, हे आम्ही तिला विचारायचे राहून गेले. आता कोणाला विचारणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. व्याख्याता आपल्याला विषय देत नाही, शब्दही देत नाही. तो फक्त धीर देतो. विषय आपल्या घरात बसलेला असतो, कधी खाटेवर खोकत, कधी हात पाण्यात बुडवून.

भगवंतांच्या धम्मात तर ऐकण्याला मोठा मान आहे. बहुतेक सुत्तांच्या आरंभीच सांगणारा म्हणतो की, हे मी ऐकलेले आहे. राजगृहाच्या संगीतीत आनंद थेरांनी ऐकलेले सगळे म्हणून दाखवले, असे परंपरा सांगते. ऐकणारा जागा राहिला म्हणून धम्म आपल्यापर्यंत पोचला. पण कालामांना उपदेश करताना भगवंतांनी हेही बजावले की, केवळ ऐकले म्हणून मानू नका, स्वतःच्या अनुभवावर पारखून घ्या. आणि थेरीगाथेत कोण बोलते? पुण्णिका बोलते, जी थंडीत नदीवर पाणी भरणारी दासी होती. मुसळ-उखळातून सुटलेली बाई बोलते. त्या भगवंतांचे शब्द पुन्हा घोकत बसल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःचे जिणे सांगितले आणि ते दोन हजारांहून अधिक वर्षे टिकले.

तेव्हा मुलांनो, व्याख्यानाला येताना खिशात चार आण्याचे का होईना, पेन ठेवा. सगळे लिहून घेऊ नका. बोलणे ऐकताना मध्येच तुम्हाला स्वतःचे काहीतरी आठवते ना, एखादा वास, एखादे माणूस, एखादे भांडण, तेवढे टिपा. आणि त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, त्यावर दहा ओळी लिहा. सकाळी बाजाराच्या गडबडीत ते राहत नाही. ज्याला चित्र येते त्याने चित्र काढावे, ज्याला चाल सुचते त्याने गुणगुणावे. घरात जशी बोली आहे तशीच येऊ द्या. शुद्धलेखन मागून सुधारता येते, आई मागून आणता येत नाही.

आणि समितीला एक विनंती. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्यात पाहुण्याने बोलू नये. आपल्याच वस्तीतल्या एकाने, हमालाने, मापाड्याने, भाजीवालीने, कॉलेजच्या पोरीने, आपले लिहिलेले किंवा तोंडी आठवलेले सांगावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मुलांनी उतरवून घ्यावे. एक जाड वही विहारात ठेवावी. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत जाहिराती दोन पाने कमी झाल्या तरी चालतील, पण त्या वहीतली दोन पाने छापावीत.

वहीचे पहिले पान आम्ही देतो. आमचे ते अर्धे पान सोबत आणले आहे. ते अध्यक्षांच्या हाती देऊन आमचे भाषण संपवतो. खालचे अर्धे पान कोरे आहे. इथे बसलेल्या ज्या आजी त्या काळात मिरचीच्या गाळ्यावर होत्या, त्यांनी ते भरायला मदत करावी.

नमो बुद्धाय, जयभीम.