सायलेन्सरला भोक पाडण्याआधी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज भावाबद्दल बोलायचे नाही. आज बोलायचे ते धुऱ्यावरची वेडी बाभूळ कापणाऱ्या चेनसॉबद्दल. तुम्ही म्हणाल, हा कसला विषय? पण ज्या मशीनवर आपली पोरं उन्हाळ्यात चार पैसे कमावतात, ती एका ड्रिलच्या भोकाने भंगारात जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मशीनचे नुकसान हेही शेतीचेच नुकसान.

आमच्या गटातल्या पोरांनी भागीत एक चेनसॉ घेतली. दुसऱ्या वर्षी ती रेस घेईना. कोणी तरी सांगितले, सायलेन्सर मोकळा करा, दीडपट ताकद येते. पोरांनी दोन भोके पाडली. मशीन अशी ओरडली की सगळे खूश! तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती कापता कापता जाम झाली. उघडली तर पिस्टनवर उभे ओरखडे. हंगाम गेला, दुरुस्तीचा खर्च डोक्यावर बसला. चूक पोरांची एकट्यांची नव्हती. आम्ही शेतकी पदवीवाले तिथेच उभे होतो आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. (हशा) म्हणून मागाहून शिकलो ते आज सांगतो.

सायलेन्सर म्हणजे मशीनचे मुसके. त्याने आवाज दबतो, तापलेला धूर माणसाच्या अंगापासून दूर जातो आणि आतली बारीक जाळी ठिणग्या अडवते. पण धुराची वाट अरुंद केली की इंजिनाचा दम कोंडतो, हेही खरे. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात छोट्या इंजिनांच्या धुरावर कायदे आले, कॅलिफोर्नियात १९९५ पासून आणि देशभर १९९७ पासून. तिथले लाकूडतोडेही सायलेन्सर मोकळे करतात. म्हणजे हा उद्योग अगदीच खुळा नाही. अर्धवट केला तर मात्र घात करतो.

घात कसा होतो? धूर मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढते. पेट्रोल मात्र कार्बोरेटरच्या स्क्रूवर बांधलेले असते, ते त्या प्रमाणात वाढत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळे नसते, ते पेट्रोलातूनच येते. पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडले आणि आत येणारा गारवाही कमी झाला. बैलाचे मुसके काढून दुप्पट वखरणी करायची आणि वैरण तेवढीच ठेवायची, असा हा हिशेब. त्यात आज पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण आधीच थोडे कोरडे झालेले असते. त्यावर आपण भोक पाडतो!

म्हणून पहिला नियम : ड्रिल ठेवा, तारेचा ब्रश घ्या. दहापैकी बहुतेक मशीनना मुसके घट्ट नसते, ते काजळीने भरलेले असते. आधी चेन पाहा. धारेची चेन चिरफळ्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते. मग हवेचा फिल्टर, पेट्रोलचा फिल्टर, प्लग पाहा. त्यानंतर थंड मशीनचा सायलेन्सर खोला. जाळी काढून ब्रशने घासा. धुराचे तोंड साफ करताना आधी दोरी हळू ओढून पिस्टन त्या तोंडावर आणा, म्हणजे काजळी आत पडणार नाही. खरवडायला लाकडाची काडी वापरा, पेचकस नको. बोल्ट नीट आवळा. शंभरातल्या पुष्कळ मशीन एवढ्यावरच पहिल्यासारख्या चालू लागतील.

काजळी येते कशाने? ऑइलच्या मापाने. मशीनच्या पुस्तकात २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली. अंदाजाने झाकणभर ओतले की जास्त झाले तर जाळी बुजते, कमी झाले तर पिस्टन जातो. औषधाचे माप मोजून घेता, मग ऑइल का नाही?

एवढे करूनही मोकळा करायचाच असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. सायलेन्सर मशीनवरून काढूनच भोक पाडा आणि आतला लोखंडाचा कीस झटकून, धुऊन काढा. भोक दुप्पट रुंद केले की जागा चौपट होते : ६ मिमीचे भोक सुमारे २८ चौरस मिमी, १२ मिमीचे ११३. थोडेच वाढवा. भोकाचे तोंड हाताकडे, पेट्रोलच्या टाकीकडे किंवा प्लास्टिककडे नको. नव्या भोकालाही जाळी हवी. जाळीशिवाय चेनसॉ पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, कडब्याच्या गंजीजवळ चालवणे म्हणजे काडी ओढून खिशात ठेवणे. तापलेली मशीन वाळल्या गवतावर ठेवू नका, आणि पेट्रोल भरलेल्या जागेपासून दहा पावले दूर जाऊनच चालू करा.

मग कार्बोरेटरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू उलट्या दिशेने अगदी थोडा, एका फेऱ्याचा आठवा भाग, असा सोडत जा. लाकडाबाहेर पूर्ण रेस दिली की इंजिन जरा गुरगुरले पाहिजे आणि लाकडात घातल्यावर आवाज स्वच्छ झाला पाहिजे. बाहेरही ती शिट्टीसारखी किंचाळत असेल तर ताबडतोब बंद करा. थोडा वेळ कापल्यावर प्लग पाहा : फिकट तपकिरी ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी. ज्या मशीनचे स्क्रू बंद केलेले आहेत किंवा पेट्रोल मशीनच आपोआप ठरवते, तिथे हात लावू नका. भोक पाडले की गॅरंटीही गेली, हेही समजून असा.

आणि कान! ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसाला ८ तास सोसावा, प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा हिशेब आहे. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. चेनसॉ भोक न पाडताच शंभराच्या वर जाते. पिस्टन नवा मिळतो, कान मिळत नाही.

शेवटी एकच. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असे मानू नका. एकच ओंडका घ्या, मोकळे करण्याआधी तीन काप आणि नंतर तीन काप घड्याळ लावून मोजा. फरक सेकंदात दिसला तर खरा, नाही तर नुसती बोंब. बाजारात मोजल्याशिवाय आपण कापूस देत नाही, मग कोणी सांगितले म्हणून आपले मशीन का द्यावे? प्रत्येक गावाने एक तारेचा ब्रश, एक प्लगचा पाना आणि एक मापाची बाटली सामाईक ठेवावी. पुढच्या बैठकीत किती मशीन नुसत्या साफ करून सुधारल्या, ते आकड्यानिशी सांगा. आम्ही लिहून घेऊ.