नवजात बालकाच्या तपासणीचे कागद

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



शास्त्रांचे जतन हे आपल्या समाजाचे पुरातन व्रत आहे. श्रुतपंचमीस आपण ग्रंथ बाहेर काढतो, त्यांना नवी वेष्टने घालतो. धवला-जयधवलेच्या प्राचीन ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीतच राहिल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद दोशी प्रभृतींनी पुढाकार घेतला, तेव्हा त्यांच्या नकला होऊ लागल्या. अशा समाजापुढे कागद जपण्याविषयी बोलणे हे धारिष्ट्यच होय. परंतु घरातील तान्ह्या बाळाच्या तपासणीचा अहवाल मात्र बारशाच्या धांदलीत कोठे जातो, हे कोणासही आठवत नाही.

जन्मानंतर साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन ते गाळणकागदावर वाळवितात. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. थायरॉईडची जन्मजात कमतरता त्यातून कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बुद्धीची हानी बहुधा टळते. येथे अहवालाचा उपयोग तत्काळ दिसतो. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशीतील घटकाच्या कमतरतेचे तसे नाही. असे मूल बहुधा निरोगीच वाढते. मात्र विसाव्या वर्षी हिवतापासाठी प्रायमाक्विन दिले गेले, तर त्याच्या रक्तपेशी फुटून तीव्र पंडुरोग होऊ शकतो. कपाटातील नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्याही अशा बालकास अपायकारक ठरतात. त्या वेळी वीस वर्षांपूर्वीचा तो कागदच हाताशी हवा असतो.

तो रुग्णालयात मिळेल, अशी आपली समजूत असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवण्याचे डॉक्टरांवर बंधन आहे. इंग्लंडमध्ये मुलांचे कागद साधारणपणे पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत राखतात. आपल्याकडे चौथ्या वर्षी ते मिळतीलच, याची शाश्वती नाही. तेव्हा भांडार घरीच हवे.

आता एक अप्रिय गोष्ट. मुलीच्या अहवालावर काही शेरा आला, की सोयरिकीच्या भीतीने तो दडविला जातो, क्वचित फाडलाही जातो. वास्तविक जी-सिक्स-पीडीची कमतरता आईकडून मुलाकडे येऊ शकते. फाडलेला कागद उद्या तिच्याच बाळाच्या डॉक्टरांना हवा असेल. मामाचा अहवालदेखील भाच्याच्या उपयोगी पडतो. अहवाल चारचौघांत मिरवू नये हे खरे, पण खासगी ठेवणे निराळे आणि नष्ट करणे निराळे.

घरी जाताना केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. प्रयोगशाळेचा मूळ अहवाल मागावा. त्यावर जन्माची व नमुना घेतल्याची वेळ आहे ना, ते पाहावे. पहिल्या २४ तासांत घेतलेला थायरॉईडचा नमुना फसवा ठरू शकतो. श्रवणचाचणीची चिठ्ठी यंत्रातून थर्मल कागदावर निघाली असेल, तर त्यावरील अक्षरे काही वर्षांत उडतात. तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी, एक प्रत आजोळीही द्यावी. घरी पोहोचल्यावर कागद राहिल्याचे लक्षात आले, तर लेखी अर्ज करून पोच घ्यावी. त्याच नियमांनुसार ७२ तासांत प्रती मिळावयास हव्यात.