यंत्राचा सातबारा

कुणकेश्वरच्या देवळापासून थोड्या अंतरावर आमच्या एका विद्यार्थ्याचे घर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या अंगणात आम्ही एक पर्जन्यमापक बसवला. मी भूगोलाचा शिक्षक, तेव्हा पाऊस मोजणे हा माझ्या विषयाचाच भाग. पण या वेळी नळकांड्यातले पाणी रोज सकाळी मोजण्याऐवजी एक लहानसा संगणक कामाला लावला होता. पत्त्यांच्या जोडाएवढा हा संगणक; रास्पबेरी पाय असे त्याचे नाव. पावसाचे पाणी एका डोलणाऱ्या पळीत पडते, ०.२ मिलिमीटर पाऊस झाला की पळी कलंडते, आणि संगणक त्या कलंडण्याची वेळ टिपून ठेवतो. कल्पना सोपी, खर्चही बेताचा.

दोन आठवड्यांनी मी नोंदी पाहायला गेलो. विद्यार्थ्याची आजी ओटीवर बसली होती. मी कौतुकाने तिला वाचून दाखवले, की काल पहाटे पाच वाजता मोठी सर आली. आजी म्हणाली, “मास्तरानू, पावस सकाळी धा वाजता लागलो. तुमचा यंत्र पाच म्हणता?”

आजीचे खरे होते. त्या रात्री दहाला वीज गेली होती आणि पहाटे तीनला आली. आमच्या या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. (२०२३ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत ते आहे, आमचे यंत्र त्याआधीचे.) त्यात एक खोटे घड्याळ असते. म्हणजे एक कार्यक्रम दर तासाला वेळ लिहून ठेवतो, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की तेथूनच पुढे मोजू लागतो. इंटरनेट असेल तर वेळ आपोआप सुधारते. त्या घरी इंटरनेट नव्हते. तेव्हा पहाटे तीन वाजता जागे झालेले यंत्र रात्रीचे दहाच वाजले आहेत असे समजून चालले होते. वीज नसताना पडलेला पाऊस तर बुडालाच, पण तो दोष वेगळा. त्यासाठी पुढे बॅटरी जोडली. वेळेची चूक जास्त वाईट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. दहाचा पाऊस पाचला मांडला, की तो सरळ आदल्या दिवसाच्या खात्यात जातो.

उपाय ठाऊक होता. डीएस३२३१ नावाची घड्याळाची चिप मिळते. तिच्या पट्टीवर नाण्याएवढी बॅटरी बसते आणि वीज नसली तरी ती वेळ मोजत राहते. चिप आणली, तारा जोडल्या. यंत्राला तिचा पत्ताच नाही! चिप बिघडलेली असेल म्हणून दुसरी आणली. तीही मुकी. विकणाऱ्याला मी मनातल्या मनात बरेच बोलून घेतले, ते आता परत घेतो. शेवटी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो हसून म्हणाला, “सर, घड्याळ जिवंत आहे. त्याची नोंद घातली नाहीत तुम्ही.”

श्रोतेहो, ही ‘नोंद’ काय भानगड आहे तेच आज सांगायचे आहे.

संगणक चालू असेपर्यंत जागा राहून सगळ्या भागांवर देखरेख ठेवणारा जो मुख्य कार्यक्रम, त्याला कर्नेल म्हणतात. इंग्रजीत काजूगरालाही हाच शब्द आहे, तेव्हा आपल्याला तो परका वाटायला नको. लिनक्स हे १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले कर्नेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तेच आहे. आता या कर्नेलला डोळे नाहीत. आपल्याला कोणकोणते भाग जोडले आहेत हे त्याला कळावे कसे?

काही भाग बोलके असतात. पेनड्राइव्ह खुपसला की तो स्वतःच सांगतो, मी अमक्या कंपनीचा, माझा क्रमांक अमुक. पण आमची घड्याळाची चिप ज्या दोन तारांवर बसते, ती आय-टू-सी नावाची वाट अबोलांची आहे. एकाच जोडतारेवर अनेक चिपा बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक क्रमांक असतो. कर्नेलने क्रमांक पुकारला तर त्या क्रमांकाची चिप फक्त ‘हो’ म्हणते. मी कोण, काय काम करते, हे सांगत नाही. आमच्या घड्याळाचा क्रमांक १०४, सोळाच्या पटीत लिहिण्याच्या रीतीने ६८. एमपीयू-६०५० नावाची हालचाल मोजणारी चिप सर्रास वापरतात, तिचाही क्रमांक ६८च! म्हणजे नुसत्या हाकेवरून घड्याळ कोणते आणि हालचाल मोजणारी कोणती, हे कर्नेलला कळणार नाही. हे कोणीतरी लिहूनच द्यावे लागते.

या लेखी वर्णनाला डिव्हाइस ट्री, म्हणजे यंत्रभागांचा वृक्ष, म्हणतात. मला तो सातबाऱ्यासारखा वाटतो. जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका देवगड, गाव कुणकेश्वर, पुढे सर्व्हे नंबर, हिस्सा. येथेही तसेच: मूळ यंत्र, त्यात मुख्य चिप, तिच्यात दोन तारांची वाट, त्या वाटेवर ६८ क्रमांकाला घड्याळ. मोठ्या भागांना सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ असावे तसा स्मृतीतला आरंभाचा पत्ता आणि लांबी दिलेली असते. शिवाय प्रत्येकाचे नाव असते. कर्नेल ते नाव वाचतो आणि त्या भागाची भाषा जाणणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, आपल्या संग्रहातून शोधून कामाला लावतो. आमच्या घड्याळाचे नोंदीतले नाव ‘मॅक्सिम, डीएस३२३१’. यात गंमत आहे. डीएस म्हणजे डॅलस सेमीकंडक्टर, मूळची कंपनी. तिला २००१ साली मॅक्सिमने घेतले आणि मॅक्सिमला २०२१ साली अॅनालॉग डिव्हायसेसने. नोंदीत मात्र आजोबांचे आणि वडिलांचे नाव तसेच आहे. कोकणात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक रकाना असतो: भाग चालू की बंद. आमच्या यंत्रात दोन तारांची ती वाट मुळात ‘बंद’ लिहिलेली होती. यात दुष्टावा नाही. त्याच दोन पिना दुसऱ्या साध्या कामालाही वापरता येतात. शाळेच्या एका खोलीत एरवी चौथीचा वर्ग आणि निवडणुकीला मतदान केंद्र, तसे. कोणते काम चालणार हे कोणीतरी ठरवून लिहावे लागते.

पूर्वी हे वर्णन कर्नेलच्या पोटातच लिहीत. फोनमध्ये वापरतात त्या आर्म जातीच्या चिपांची शेकडो यंत्रे निघाली, प्रत्येकाची रचना निराळी, आणि प्रत्येकासाठी कर्नेलमध्ये निराळा मजकूर. गावागणिक नवा जमीन महसूल कायदा करावा, तसला प्रकार! २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्स यांनी यावर जाहीर संताप व्यक्त केला. उपाय मात्र जुनाच होता. सन कंपनीच्या संगणकांत असा वृक्ष आधीपासून होता आणि १९९४ साली त्याचे प्रमाणही ठरले होते. तो आर्मच्या यंत्रांसाठी घेतला गेला. आता कायदा एक, उतारा ज्याचा त्याचा. यंत्र सुरू होताना उतारा कर्नेलच्या हाती दिला जातो.

मूळ उतारा न खोडता त्यात भर घालता येते. आपल्याकडे त्याला फेरफार म्हणतात, येथे ओव्हरले. आम्हाला फक्त एका ओळीचा फेरफार घालायचा होता: अमक्या वाटेवर डीएस३२३१ घड्याळ आहे. ओळ लिहिली, यंत्र बंद करून सुरू केले, आणि ज्या चिपेला मी मेलेली समजत होतो तिने वेळ सांगितली. खोट्या घड्याळाचा कार्यक्रम मात्र काढून टाकावा लागला.

शाळेत असले यंत्र असलेल्या शिक्षकबंधूंना एवढेच सांगतो, की नवा भाग जोडल्यावर तो मुका राहिला तर पैसे खर्चण्याआधी नोंद तपासा. आणि नोंद नीट वाचा, कारण कर्नेल लिहिलेले खरे मानून चालतो. घड्याळाच्या जागी हालचाल मोजणाऱ्या चिपेचे नाव घातले, तर तो घड्याळाशी तिच्याच भाषेत बोलायला जाईल.

त्या पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी मी फेकल्या नाहीत. आजीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाच्या वेळा खुणेने टिपल्या होत्या, त्यांच्याशी ताडून सहा दिवस लावता आले. उरलेल्या दिवसांपुढे पेन्सिलीने ‘वेळ अविश्वसनीय’ असे लिहून वही कपाटात ठेवली आहे.