आधी मॉनिटरचं माप वाचा



लिनक्सवर पडद्याचं रिझोल्यूशन बिघडलं, की पुढची पाच मिनिटं फार महत्त्वाची असतात, आणि बहुतेक घरांत ती वाया जातात. कुणीतरी पाठवलेला लांबलचक आदेश टर्मिनलमध्ये चिकटवला जातो, एंटर दाबलं जातं, पडदा काळा होतो, आणि मग सगळी प्रणाली पुसून पुन्हा टाकायला माणूस बसतो. काही जण तर चांगला चालणारा मॉनिटर भंगारात देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज एकच गोष्ट सांगायला आलो आहे, आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: काहीही बदलण्याआधी वाचा. मॉनिटर स्वतःचं माप सांगत असतो. ते माप संगणकापर्यंत पोचलं की नाही, एवढं आधी पाहा.

शिंप्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. तुमचा मॉनिटर म्हणजे गिऱ्हाईक. त्याच्याकडे मापांची चिठ्ठी आधीपासून तयार असते. या चिठ्ठीला ईडीआयडी म्हणतात. १९९४ पासून ती प्रमाण ठरलेली आहे. मूळ चिठ्ठी १२८ बाइटांची. तिच्यात मॉनिटर कुणी बनवला, कुठल्या वर्षी बनवला, कुठला आकार त्याला सर्वांत पसंत आहे, सेकंदाला किती वेळा चित्र बदललेलं चालतं, हे सगळं लिहिलेलं असतं. शेवटचा बाइट ताळा करण्यासाठी: सगळ्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने नि:शेष भाग गेला पाहिजे. तसा नाही गेला, तर चिठ्ठी वाटेत भिजली असं समजायचं. ग्राफिक्स ड्रायव्हर हा शिंपी. तो चिठ्ठी वाचतो आणि त्या मापाचं चित्र शिवून देतो. आणि चिठ्ठी घेऊन येणारा पोऱ्या म्हणजे तुमची केबल.

आता हे नीट ऐका. जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये पंधरा पिना असतात. लाल, हिरवा, निळा रंग पहिल्या तीन पिनांवरून जातात. चिठ्ठी जाते बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून. म्हणजे चित्राची वाट वेगळी आणि मापाची वाट वेगळी. म्हणून चित्र उत्तम दिसतं, रंग ठीक असतात, आणि तरीही माप पोचलेलं नसतं. स्वस्त केबलमध्ये त्या दोन तारा कधी कधी जोडलेल्याच नसतात. एचडीएमआयला व्हीजीए करणारी छोटी डबी, दोन संगणकांना एक मॉनिटर जोडणारा स्विच, प्रोजेक्टरसाठी लावलेला स्प्लिटर, हेही मधल्या मधे चिठ्ठी हरवतात, किंवा स्वतःचीच दुसरी चिठ्ठी पुढे करतात. लोक मला सांगतात, "केबल चांगली आहे, चित्र येतंय ना!" चित्र येतं म्हणून केबल चांगली, असं धरून चालू नका.

चिठ्ठी मिळाली नाही तर शिंपी काय करेल? तो सगळ्यांना होईल असं मोघम मापाचं झबलं शिवून देईल. लिनक्सचे ड्रायव्हर नेमकं तेच करतात. मापच मिळालं नाही तर ते सहसा ८०० × ६००, १०२४ × ७६८ असे सुरक्षित आकार देतात आणि तिथे थांबतात. तुमच्या सेटिंग्जमधली यादी १०२४ ला संपत असेल आणि मॉनिटरच्या नावाच्या जागी "अज्ञात" असं काही दिसत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी चिठ्ठीच्या वाटेवर असतो. केबल बदलून पाहा. मधली डबी काढून सरळ जोडून पाहा. संगणक बंद करा, मॉनिटर आधी चालू करा, मग संगणक. टर्मिनलला हात लावायचं अजून काही कारण नाही.

आणि यादीत एकच एक आकार असेल, दुसरा पर्यायच नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे चिठ्ठीचा प्रश्न नाही, खरा शिंपीच दुकानात नाही. संगणक सुरू होताना फर्मवेअरने जो आकार लावून ठेवला, त्यावरच कुणी शिकाऊ पोरगा काम ढकलतो आहे. हे घडण्याची दोन कारणं मी सारखी पाहतो. पहिलं, लिनक्स टाकताना पडदा काळा येत होता म्हणून "सेफ ग्राफिक्स" निवडलं. त्यामागे नोमोडसेट नावाचा एक शब्द कर्नलला दिला जातो, म्हणजे खऱ्या ड्रायव्हरला पडद्यापासून दूर ठेवलं जातं. तात्पुरता उपाय म्हणून ठीक. पण काही वेळा तो शब्द ग्रबच्या फाइलमध्ये तसाच राहून जातो आणि वर्षानुवर्षं शिकाऊ पोरगाच दुकान चालवतो. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल उघडा. तो शब्द तिथे दिसतो का ते वाचा.

दुसरं कारण सिक्युअर बूट. वेगळा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे किल्ली नोंदवायची असते. आपण घाईत "पुढे चला" निवडतो. किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरत नाही, आणि आपण म्हणतो ड्रायव्हर टाकला पण उपयोग नाही. कर्नलचं नवं अपडेट आल्यावर ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधला गेला नाही, तरी हेच. ओळखायची खूण सोपी आहे. सेटिंग्जमध्ये संगणकाची माहिती असते, तिथे ग्राफिक्सच्या ओळीत तुमच्या कार्डाचं नाव हवं. तिथे एलएलव्हीएमपाइप असं लिहिलेलं असेल, तर सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतो आहे. मग गेम रांगत चालतो, पंखा ओरडतो, आणि मुलं म्हणतात लिनक्सवर गेम चालत नाहीत. गेम चालेल हो! आधी ती ओळ वाचा.

टर्मिनल वापरायचंच असेल, तर आधी फक्त वाचण्यासाठी वापरा. एक्सरँडआर एवढंच लिहा, पुढे काही नको. आकारांची यादी येईल. चांदणी असते ती सध्याच्या आकारावर, अधिकचं चिन्ह असतं ते मॉनिटरच्या पसंतीच्या आकारावर. चांदणी आणि अधिक एकाच ओळीत असतील, तर बहुधा चिठ्ठी पोचली, वाचली गेली, आणि तसंच शिवलंही गेलं. मग दोष कुठे तरी पुढे आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी लोक उगाच झुरतात. लॅपटॉपचे आणि छोट्या टीव्हींचे पडदे बरेचदा १३६६ × ७६८ असतात. चिठ्ठीतल्या ठरावीक छोट्या रकान्यांमध्ये आडवा आकार आठच्या पटीतच लिहिता येतो. आठ गुणिले एकशे सत्तर म्हणजे १३६०, आठ गुणिले एकशे एकाहत्तर म्हणजे १३६८. १३६६ त्या रकान्यात बसतच नाही, त्याला सविस्तर रकाना लागतो. म्हणून काही टीव्ही १३६० च सांगतात, आणि सीव्हीटी नावाचा हिशेब करणारा आदेश तुम्हाला १३६८ देतो. १३६० घेतलं तरी सहाच ठिपक्यांचा फरक आहे, दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यासाठी रात्री जागू नका.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. लिनक्स टीव्हीला जोडलं आणि वरची पट्टी अर्धी कापली गेली, कोपऱ्यातलं घड्याळ दिसेना, अशी तक्रार फार. इथे कपडा बरोबर शिवलेला आहे, गिऱ्हाईकच घरी जाऊन कडा दुमडून घेतंय. काचेच्या नळीच्या टीव्हींच्या काळात चित्राच्या कडा झाकण्याची रीत होती, ती कित्येक सपाट टीव्हींनी तशीच ठेवली. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइज शोधा, त्यात "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" असं काही असतं. काही टीव्हींवर त्या जोडणीला "पीसी" असं नाव दिलं की कडा सुटतात. संगणकावर काहीच बदलायचं नाही.

आता गेम. जुने गेम फुल स्क्रीन होताना सगळ्या डेस्कटॉपचाच आकार बदलत असत. गेम मधेच बंद पडला की डेस्कटॉप ६४० × ४८० वरच राहतो आणि सगळ्या आयकॉनांची कोपऱ्यात गर्दी होते. घाबरू नका, लॉगआउट करून पुन्हा आत या. असे गेम विंडोतच चालवावेत. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपची सोय त्यासाठीच आहे. गेम उघडताच पडदा काळा होत असेल, तर बहुधा त्याने न पेलणारा आकार स्वतःच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. सुपरटक्सकार्ट घ्या, मुलांचा आवडता. तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेला कॉन्फिग फोल्डर असतो, त्यात सुपरटक्सकार्टची कॉन्फिग फाइल. रुंदी, उंची आणि फुल स्क्रीन हे तिथे साध्या अक्षरांत लिहिलेलं आहे. वाचा, दुरुस्त करा, किंवा फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवा. गेम पुन्हा सुरुवातीच्या मापाने उघडेल.

नव्या डेस्कटॉपवर पडद्यावर चित्र मांडण्यासाठी जुन्या एक्सऐवजी वेलँड असतं. हे काम २००८ मध्ये सुरू झालं, फेडोराने २०१६ मध्ये ते आपल्या मुख्य आवृत्तीत आणलं, आणि आता उबुंटूच्या २५.१० मध्ये गनोमचं जुनं एक्सचं सत्रच मिळत नाही. वेलँडमध्ये कुणा एका गेमला सगळ्या दुकानाची मापं बदलू देत नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण मग एक्सरँडआरने आकार बदलण्याचे जुने आदेश तिथे चालत नाहीत, आणि लोक तेच आदेश पुन्हा पुन्हा चिकटवत बसतात. तुम्ही कुठल्या सत्रात आहात ते आधी पाहा, मग मदत मागा. तुमचा सल्लागारही त्याशिवाय काही सांगू शकणार नाही.

वेलँडवरची सर्वांत फसवी तक्रार ही: मॉनिटर १९२० × १०८०, आणि गेमच्या यादीत सर्वांत मोठा आकार १५३६ × ८६४. लोकांना वाटतं ड्रायव्हर बिघडला. अहो, तुम्ही अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग १२५ टक्के केलं आहे! १९२० ला सव्वाने भागा, १५३६ येतात. १०८० ला सव्वाने भागा, ८६४. शिंप्याने मूळ माप बदललेलं नाही, जुन्या पद्धतीच्या गेमला त्याने भागाकार केलेलं माप सांगितलं. फोर-के पडद्यावर २०० टक्के ठेवलंत तर गेमला १९२० × १०८० च दिसेल, आणि चित्र धूसर येईल. खेळण्यापुरतं स्केलिंग १०० टक्के करा. केडीई प्लाझ्मामध्ये ५.२६ पासून अशा जुन्या ॲप्सना स्वतःचं स्केलिंग करू देण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

याहून चांगला उपाय गेमस्कोप. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमयंत्रात तोच वापरतात, त्या यंत्राचा पडदा १२८० × ८०० आहे. गेमस्कोप गेमसाठी स्वतंत्र गाळा उघडतो: गेमला आतलं माप एक सांगतो, पडद्याला बाहेरचं माप दुसरं देतो, आणि मधली वाढघट स्वतः करतो. स्टीममध्ये प्रत्येक गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये तो लिहिता येतो. लहान डब्ल्यू आणि लहान एच म्हणजे गेमचं माप, मोठा डब्ल्यू आणि मोठा एच म्हणजे पडद्याचं. यात गल्लत करू नका, अर्ध्या तक्रारी त्या गल्लतीच्या असतात.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. दोन गोष्टी पटकन सांगतो. फोर-के पडदा फक्त ३० हर्ट्झ दाखवत असेल, तर वाटेत कुठेतरी एचडीएमआय १.४ च्या काळातला भाग आहे: केबल, डबी किंवा खुद्द संगणकाचं भोक. शक्य तिथे डिस्प्लेपोर्ट वापरा. आणि जुन्या स्विचमुळे चिठ्ठी खरोखरच कधीच पोचणार नसेल, तर रोज सकाळी तोच आदेश चिकटवण्यापेक्षा कर्नलच्या ओळीत व्हिडिओ या शब्दापुढे जोडणीचं नाव आणि आकार एकदाच लिहून ठेवा. पण मॉनिटरच्या मागच्या लेबलवरून किंवा माहितीपुस्तिकेतून खरं माप वाचून. वाचून, एवढंच माझं मागणं आहे.

दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या लॅपटॉपबद्दल बरंच बोलायचं होतं. तिथे बाहेरच्या मॉनिटरचं भोक कुठल्या कार्डाला जोडलेलं आहे हे आधी शोधावं लागतं, कारण काही लॅपटॉपांत ते दुसऱ्याच कार्डाला असतं, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर मॉनिटर यादीत दिसतच नाही. तो भाग पुढच्या वेळी.