स्वयंचलित मोटारीची चार अक्षरे



मोटार चालविणे हे आपल्या जिल्ह्यातील अनेक तरुणांच्या पोटापाण्याचे साधन आहे. म्हणून स्वयंचलित मोटारीतील गिअरच्या दांड्याविषयी चार शब्द सांगतो.

अमेरिकेत १९३९ साली जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरव्यवस्था आणली. क्लच दाबण्याचे काम संपले. मात्र तिच्यात ‘लो’ आणि ‘रिव्हर्स’ या जागा शेजारीशेजारी होत्या. हात जरा पुढे सरकला की पुढे निघणारी गाडी मागे जायची! क्रायस्लरने तर १९५६ ते १९६४च्या मॉडेलांत दांड्याऐवजी बटणे बसविली. अखेर १९६८पासून तेथील सुरक्षा नियमाने पुढच्या आणि मागच्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल सक्तीचे केले. पी, आर, एन, डी. म्हणजे उभी, मागे, मोकळी, पुढे, हा क्रम रूढ झाला.

पूर्वी दांडा सळईने किंवा केबलने गिअरपेटीशी जोडलेला असे. दांडा कोठे आहे यावरून हाताला गिअर कळे. पुढे विजेच्या संदेशावर काम होऊ लागले. काही मोटारींत दांडा सोडताच मध्यभागी परत येई. गाडी ‘पी’मध्ये आहे असे समजून लोक खाली उतरत आणि गाडी घरंगळे. याच कारणाने २०१६ साली फियाट क्रायस्लरला सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. २०१४ साली आलेल्या स्वयंचलित मारुती सेलेरिओच्या दांड्यावर ‘पी’ नाही. तेथे हँडब्रेकवरच भिस्त. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनची विजेवरील गाडी २०२० साली आली, तिच्यात दांड्याऐवजी फिरविण्याची गोल कळ होती.

तेव्हा मित्रहो, नवी गाडी हाती आली की प्रथम तिची माहितीपुस्तिका वाचा. ‘पी’ आहे की नाही ते पाहा. उतरण्यापूर्वी समोरच्या पडद्यावरील अक्षर वाचा, हँडब्रेक ओढा, मगच दार उघडा. तुळजापूरचा घाट उतरताना नुसत्या ‘डी’वर आणि ब्रेकवर विसंबू नका, खालचा गिअर निवडा. गाडीमागे कोणाचे तरी लेकरू खेळत असते. एक अक्षर वाचायला क्षणभर पुरतो; तेवढा वेळ अवश्य द्या.