वितळलेले डॉलर, उरलेले डॉलर

श्रोतेहो, नाणे बाजारात चालत असेल तर खर्चावे, चालत नसेल तर मोडीत घालावे, असा व्यवहारी माणसाचा हिशेब असतो. त्या हिशेबात काय हरवते, हे अमेरिकेच्या एका जुन्या चांदीच्या डॉलरवरून आज सांगावयाचे आहे.

१८५९ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात, आजच्या नेवाडा राज्यात, कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड शीर सापडली. उजाड डोंगरावर व्हर्जिनिया सिटी हे गाव उभे राहिले आणि जवळच कार्सन सिटी येथे १८७० साली सरकारी टांकसाळ सुरू झाली. पुढे चांदीचा भाव घसरू लागला. तेव्हा खाणवाल्यांनी आणि कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी आग्रह धरल्यावरून १८७८ साली कायदा झाला, की सरकारने दरमहा किमान २० लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडावीत.

या डॉलरचा ठसा जॉर्ज मॉर्गन या मूळच्या इंग्रज कारागिराने कोरला. म्हणून त्यास मॉर्गन डॉलर म्हणतात. त्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या मुखासाठी फिलाडेल्फियाची ॲना विलियम्स ही तरुणी मॉर्गनसमोर बसली होती. पुढे तिने शिक्षिकेचे काम केले. नाण्याच्या मागील बाजूस गरुड असून त्याच्या खालच्या पानांच्या हाराखाली टांकसाळीची खूण असते. ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, आणि ‘सीसी’ अशी जोडअक्षरे असली तर कार्सन सिटी. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसते. संग्राहक प्रथम हीच जागा पाहतो.

हे जड नाणे लोकांना खिशात नकोसे वाटे. त्यामुळे कोट्यवधी डॉलर पोत्यांत भरून सरकारी तिजोरीत पडून राहिले. त्यांची गाठ पुढे आपल्या देशाशी पडली.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून नेलेल्या मालाचे आणि सैन्याच्या खर्चाचे मोल रुपयांत चुकवावे लागे. सरकारजवळील चांदी संपत आली. १९१८ च्या वसंतात मुंबईस नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत पिटमन कायदा संमत झाला आणि त्यान्वये २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळविण्यात आले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी होती. एका डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी, आपल्या त्या वेळच्या रुपयात १६५ ग्रेन. म्हणजे एका डॉलरच्या चांदीत बरोबर सव्वादोन रुपये!

कोणत्या सालचे व कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. म्हणून किती नाणी पाडली, यावरून किती उरली हे सांगता येत नाही. कार्सन सिटीने १८८९ साली साडेतीन लाख डॉलर पाडले. आज ते मोठ्या मुष्किलीने मिळतात. उलट तेथेच १८८४ साली पाडलेल्या ११ लाख ३६ हजारांपैकी ९ लाख ६० हजारांहून अधिक तिजोरीतच पडून असल्याचे १९६४ नंतर उघडकीस आले. सरकारने १९७२ ते १९८० या काळात अशी नाणी टपालाने विकली. एक गोष्ट संग्राहकाने कधीही विसरू नये : जुने नाणे घासून चकचकीत करू नये. घासल्याने त्याची मूळ झळाळी कायमची जाते व किंमतही उतरते.

माझ्या आजीच्या पेटीत पंचम जॉर्जच्या मुखाचे काही रुपये होते. घरातील एका बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही ते सोनाराकडे देऊन साखळी करविली. साल पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही. त्यांत नेवाडाच्या डोंगरातील चांदी होती की नव्हती, हे आता कळावयाचे नाही. साखळी अजून घरात आहे. परंतु साखळीवर साल नसते.

श्रोतेहो, आपल्या घरी असा रुपया असेल तर तो सोनाराच्या हाती देण्यापूर्वी उजेडात धरून एकदा त्यावरील साल वाचा. ते १९१८ किंवा त्यानंतरचे असेल, तर कदाचित तो रुपया होण्यापूर्वी डॉलर होता.