भुलीच्या वेळचा पहारा
(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)



पायात काटा रुतला की तो कोठे रुतला याचा विचार करण्यापूर्वीच आपला पाय मागे आलेला असतो. चुलीवरचे भांडे तापलेले आहे हे हाताला प्रथम कळते आणि मनाला मागाहून. देहाची राखण करणारी ही व्यवस्था अहोरात्र जागी असते. परंतु तिचे आभार आपण कधी मानीत नाही. उलट वेदनेला आपण शत्रूच समजतो. शल्यवैद्यकाचा इतिहास पाहिला तर तो या शत्रूवर मिळविलेल्या विजयाचाच इतिहास आहे. पूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे चार धट्ट्याकट्ट्या माणसांनी रुग्णाला दाबून धरावयाचे आणि वैद्याने होईल तितकी घाई करावयाची, असा प्रकार होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी ईथर हुंगवून एका रुग्णाच्या जबड्याखालची गाठ सर्वांसमक्ष कापण्यात आली आणि हा प्रकार पालटला. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात ईथरचा वापर कलकत्त्यास झाला आणि नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले.

या विजयाबरोबर एक नवी जबाबदारी मात्र वैद्यांच्या शिरावर आली. भूल दिलेला माणूस ओरडत नाही, हातपाय झाडीत नाही, ही सोय खरीच. पण त्याला काही अपाय होऊ लागला तर तो सांगणार कोण? देहाचा स्वतःचा पहारेकरी आपणच झोपविला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा कोणी उभा करणे आले. हा दुसरा पहारा कसा असतो, आणि त्यातही मेंदू, मज्जारज्जू व मज्जातंतू यांच्यावर तो कसा ठेवतात, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

पहारा कशावर ठेवावा, याविषयीचा एक गाजलेला वाद आपल्याच देशात झाला. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबाद येथे, एडवर्ड लॉरी नावाचे डॉक्टर वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्म देताना केवळ श्वासावर लक्ष ठेवावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, असे त्यांचे ठाम मत होते. १८८८ मध्ये त्यांनी एक समिती नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकास ते पटेनात, तेव्हा निजामाने खर्च सोसून १८८९ मध्ये विलायतेहून लॉडर ब्रन्टन या नामांकित वैद्यास बोलाविले आणि दुसरी समिती बसली. शेकडो प्रयोगांनंतर निष्कर्ष निघाला तो लॉरी यांच्या बाजूचा : आधी श्वास थांबतो, मग हृदय. वाद मिटल्यासारखा वाटला. परंतु १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय एकाएकी बिघडून ते बंद पडू शकते, आणि श्वास त्याची पूर्वसूचना देत नाही. श्वास पाहणाऱ्यांचे म्हणणे खरे होते आणि नाडी पाहणाऱ्यांचेही. घात होत होता तो एकीकडे डोळा लावून दुसरीकडे पाठ फिरविण्यात.

आज शस्त्रक्रियागृहात श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू या सर्वांवर यंत्रांची नजर असते. बोटाला लावलेला लहानसा चिमटादेखील प्राणवायू उतरताच आवाज करू लागतो. तथापि हे सारे आकडे समाधानकारक असतानाही एक अवयव मुकाट्याने निकामी होऊ शकतो. तो म्हणजे मज्जारज्जू. करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा हा दोर पाठीच्या कण्यातील पोकळीतून जातो. खालच्या देहाच्या संवेदना त्याच्यातून वर जातात आणि मेंदूच्या आज्ञा खाली येतात.

वाढत्या वयातील काही मुलामुलींचा कणा एका बाजूस वळत जातो. डॉक्टर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. बाक फार वाढला तर शस्त्रक्रिया करून मणक्यांत स्क्रू बसवितात, त्यांना धातूच्या दांड्या जोडतात आणि कणा शक्य तितका सरळ करतात. हाडे सरळ होत असता आतला मज्जारज्जू ताणला गेला, किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी पडला, तर मूल शुद्धीवर येते ते पाय गमावून. असे क्वचित घडते. पण ज्या घरात घडते त्या घराला ‘क्वचित’ या शब्दाचा काय उपयोग?

यावर फ्रान्समधील स्ताग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक धीट उपाय प्रसिद्ध केला. कणा सरळ केला, की शस्त्रक्रिया चालू असतानाच भूल उतरवावयाची आणि अर्धवट जागृत झालेल्या रुग्णास सांगावयाचे, ‘मूठ आवळ. आता पायाची बोटे हलव.’ बोटे हलली तर पुन्हा भूल देऊन काम पुरे करावयाचे. न हलली तर दांड्या सैल करावयाच्या. भुलीच्या औषधांचा थोडा अंमल उरलेला असल्यामुळे रुग्णास त्या क्षणाची आठवण बहुधा राहत नाही. ही जागृती-परीक्षा आजही गरज पडेल तेव्हा करतात. पण तिच्यात मोठी उणीव आहे. ती जे घडून गेले तेच सांगते, आणि तेही एकदा-दोनदाच. अपाय नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला, हे तिला सांगता येत नाही.

येथे विजेचा उपयोग झाला. मज्जातंतूंतून जाणारा संदेश विद्युत्‌रूपाने मोजता येतो. १८७५ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड केटन यांनी प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह टिपले. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे प्रवाह टिपून १९२९ मध्ये ते जगापुढे मांडले. हेच ज्ञान विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कण्याच्या शस्त्रक्रियेत कामी आले.

त्याची रीत अशी. रुग्णाच्या घोट्याजवळील मज्जातंतूला विजेचा अगदी सौम्य धक्का देतात. तो संदेश पायातून मज्जारज्जूत आणि तेथून मेंदूत पोहोचतो. डोक्याच्या कातडीला लावलेल्या तारांवर त्याची लाट सुमारे ४० सहस्रांश सेकंदात उमटते. मनगटापासून निघालेल्या संदेशास सुमारे २० सहस्रांश सेकंद पुरतात. ही लाट एका व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढीच असते आणि मेंदूच्या इतर हालचालींत ती पार बुडून जाते. तेव्हा यंत्र तोच धक्का शेकडो वेळा देते आणि सर्व उत्तरांची सरासरी काढते. गलका चालू असलेल्या वर्गात एका मुलाने दबक्या आवाजात दिलेला ओकार एकदा ऐकू येणार नाही. पण तोच ओकार ठरलेल्या क्षणी शेकडो वेळा आला, तर इतर गलका परस्परांत विरून जातो आणि तो तेवढा स्पष्ट उरतो. लाटेची उंची निम्म्याने उतरली, किंवा ती पोहोचावयास एक दशांश अधिक वेळ लागू लागला, की निरीक्षक शल्यवैद्यास सावध करतो.

पण येथे हैदराबादची गोष्ट पुन्हा आठवावी लागते. वर जाणाऱ्या ह्या संदेशाची वाट मज्जारज्जूच्या मागील भागातून आहे. मेंदूच्या आज्ञा खाली येतात त्या वाटा वेगळ्या, आणि त्यांना रक्त पुरविणारी रोहिणीही वेगळी. त्यामुळे मागची वाट सुखरूप असताना पुढची बंद पडू शकते. लाटा उत्तम होत्या आणि तरी पाय गेले, असे रुग्ण वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून विजेचा धक्का देऊन हातापायांचे स्नायू हलवून दाखविले. पुढे १९९० नंतरच्या दशकात झटपट धक्क्यांची मालिका देण्याची युक्ती सापडली आणि भुलीखालीही पायाचे उत्तर मिळू लागले. आता दोन्ही वाटांवर एकाच वेळी पहारा ठेवता येतो.

या कामी भूलतज्ज्ञाला मोठी तारेवरची कसरत करावी लागते. भूल म्हणून हुंगविले जाणारे वायू अधिक प्रमाणात दिले तर मेंदूच्या लाटा मावळतात. स्नायू ढिले करणारे औषध दिले तर पाय उत्तरच देत नाही. म्हणून अशा वेळी प्रोपोफॉलसारखी औषधे शिरेतून एका संथ धारेने देतात. धक्क्याने जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत मऊ बोळा ठेवतात. इशारा मिळाला, की तिघांना एकत्र विचार करावा लागतो. तार सुटली आहे काय, रक्तदाब उतरला आहे काय, अंग फार गार पडले आहे काय, रक्त बरेच गेले आहे काय, की नुकताच दिलेला ताण अधिक झाला? रक्तदाब वाढवून, दांडी सैल करून लाट परत येते काय ते पाहतात. ती परत आली तर एका मुलाचे पाय वाचले, असे समजावयास हरकत नाही.

या पहाऱ्याची किंमत अनुभवावर कशी अवलंबून आहे, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून दिसते. स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या सभासदांनी केलेल्या ५१,२६३ शस्त्रक्रियांची माहिती तीत गोळा केली होती. या निरीक्षणात मुरलेल्या चमूंच्या रुग्णांत मज्जासंस्थेस अपाय होण्याचे प्रमाण नवख्या चमूंच्या मानाने निम्म्याहूनही कमी आढळले. यंत्र तेच, तारा त्याच. फरक पाहणाऱ्या डोळ्यांचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका वारली मुलीवर मुंबईस अशी शस्त्रक्रिया झाली. तिचे वडील मला म्हणाले, “बाई, पाठ वाकडी राहिली तरी चालेल, पण पोर शेतात चालत गेली पाहिजे.” मी त्यांच्याबरोबर गेले होते. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी लाटांची सर्व माहिती दिली आणि मग एक प्रश्न विचारला, जो मला तरी सुचला नसता : “मुलगी घरी कोणती भाषा बोलते?” वेळ पडली आणि तिला मध्येच उठवावे लागले, तर अर्धवट शुद्धीत तिला शाळेतली मराठी कळेलच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. तिच्या आईने पाय हलविण्यास सांगणारे वारलीतले शब्द दोनतीनदा उच्चारले. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतले आणि मुलीकडून सराव करवून घेतला. दुसऱ्या दिवशी लाटा शेवटपर्यंत स्थिर राहिल्या, उठविण्याची गरज पडली नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर मात्र डॉक्टरीणबाईंनी तेच शब्द उच्चारले आणि बोटे हलली. विजेला भाषा लागत नाही हे खरे. पण विजेच्या पलीकडे काही विचारावयाचे झाले, की माणसाची मायबोलीच उपयोगी पडते.

हा पहारा केवळ कण्यापुरता नाही. १८९८ मध्येच जर्मनीचे फेडोर क्राउझ यांनी कानामागील शस्त्रक्रियेत चेहऱ्याचा मज्जातंतू विजेने चेतवून ओळखला होता. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी काढताना आवाजाचा मज्जातंतू अगदी लगत असतो. तेथे श्वासनळीत घातलेल्या नळीवरच तारा बसवून त्याची परीक्षा करतात. माझ्यासारख्या आवाजावर पोट असणाऱ्या शिक्षिकेला हे ऐकून दिलासा वाटतो. मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत तर रुग्णास जागेच ठेवून बोलते करतात. मॉन्ट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड यांनी या पद्धतीस शास्त्रीय रूप दिले. १९४९ मध्ये वेल्लोर येथे भारतातील पहिला मेंदूशल्याचा विभाग उघडणारे डॉ. जेकब चांडी आणि मुंबईचे डॉ. राम गिंडे हे दोघेही पेनफिल्ड यांच्याच हाताखाली शिकलेले. २०१७ मध्ये बंगळुरू येथे बोटे आखडणाऱ्या एका संगीतकाराने मेंदूची शस्त्रक्रिया चालू असताना गिटार वाजवून दाखविली. तेथे पहारेकरी तो स्वतःच होता.

आता आपल्या सिल्वासाविषयी थोडेसे. २ ऑगस्ट १९५४ रोजी हा प्रदेश पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. २०१९ पासून येथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तथापि कण्याच्या किंवा मेंदूच्या अवघड शस्त्रक्रियेसाठी दमणगंगेच्या खोऱ्यातील पुष्कळ माणसे आजही वापीला जाऊन सुरतेची किंवा मुंबईची गाडी पकडतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की मोठ्या डॉक्टरांपुढे संकोच करू नका. शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवर लक्ष ठेवणार आहेत काय, आणि त्या वेळी ते कोण पाहणार, हे विचारा. प्रत्येक शस्त्रक्रियेत याची जरुरी नसते; नसेल तर डॉक्टर तसे सांगतील. ही पूर्ण हमीही नव्हे. इशारा कधी खोटा ठरतो, आणि क्वचित येतच नाही. हातापायांस मुंग्या येत असतील, पूर्वी फिट आली असेल, मधुमेह असेल, हृदयात किंवा डोक्यात काही यंत्र वा धातू बसविलेला असेल, तर ते न लपविता आधी सांगा. पहाऱ्यावर बसणाऱ्यास घराची माहिती हवी. आणि आपला रुग्ण कोणती भाषा बोलतो, हे कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा. आईने दोन शब्द लिहून दिले, तर ते कोणत्याही डॉक्टरास जड होणार नाहीत.